वीव्हर के४ आणि रेडफील्ड जेआर माउंट: जुन्या रायफलीवरची जुनी जोडी

टेक्सासमधल्या एल पासोच्या कारखान्यातली पोलादी नळीची नेमबाजीची दुर्बीण वीव्हर के४ आणि ती रायफलीवर बसवणारा डेन्व्हरच्या रेडफील्डचा जेआर माउंट. अमेरिकन बोल्ट-ॲक्शन रायफलींवर ही जोडी इतकी वर्षं दिसते आहे की एकीशिवाय दुसरं अपुरं वाटावं. दोन्ही दणकट आहेत आणि दोन्हींवर एकच आरोप होतो: झिरो, म्हणजे नेम आणि गोळी यांचा जुळवलेला मेळ, टिकत नाही. आरोप बहुधा चुकीच्या आरोपीवर असतो. दुर्बीण निर्दोष, माउंटही निर्दोष, आणि मधली नळी मात्र कुणीतरी बसवताना वाकवलेली.

आधी दुर्बीण. के४ चार पटीची, नळी एक इंचाची, म्हणजे २५.४ मिमी. माप कॅलिपरने घ्यावंच, कारण जुन्या मालात सगळी सरमिसळ असते. वीव्हरचीच ३३० पाऊण इंची आहे, लायमन अलास्कन ७/८ इंची आणि बऱ्याच जुन्या युरोपीय दुर्बिणी २६ मिमीच्या. सहा दशांश मिलिमीटरचा फरक डोळ्याला दिसत नाही, पण एक इंची रिंगमध्ये (माउंटच्या नळी धरणाऱ्या कड्यात) २६ मिमीची नळी आवळली की ती चेपते आणि आतली भिंगांची नळी अडकते.

काच तपासताना दुर्बीण उजेडाकडे धरून कडेला इंद्रधनुषी किंवा दुधाळ डाग दिसतात का ते बघा. दिसले तर भिंगं चिकटवलेला बाल्सम सुटलाय. ते काम घरचं नाही. अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवून बाहेर काढा आणि बाहेरचं धुकं पुसा. आतलं धुकं राहिलं तर सील वाळलेत. कोरड्या हवेत अशी दुर्बीण चालते, पावसात नाही.

आता या जोडीचं मर्म. सुरुवातीच्या के४ मध्ये क्रॉसहेअर (नेम धरायच्या फुलीच्या रेघा) कायम मध्यावर राहत नाही. टरेट (नेम दुरुस्त करायचं नळीवरचं बटण) फिरवला की क्रॉसहेअर खरोखरच दृश्याच्या एका कोपऱ्याकडे सरकतं. नंतरच्या मॉडेलांत ही अडचण गेली, पण तुमच्या हातातलं कुठलं आहे ते दोन मिनिटांत कळतं: टरेट टोकाला नेऊन बघा. जुन्या प्रकारात दुरुस्तीचं मोठं काम माउंटने करायचं आणि टरेटला फक्त शेवटचा बारीक फरक ठेवायचा. जेआर माउंटची खरी किंमत इथे कळते, कारण त्याच्या मागच्या बेसवर (रायफलीला स्क्रूने बसणाऱ्या भागावर) आडव्या, म्हणजे डाव्या-उजव्या, दुरुस्तीचे दोन समोरासमोरचे स्क्रू आहेत.

बसवण्याआधी क्रॉसहेअर मध्यावर आणा. खोक्याच्या दोन समोरच्या कडांना इंग्रजी व्हीच्या आकाराच्या खाचा पाडा, त्यात नळी ठेवून दूरच्या ठिपक्यावर रोखा आणि दुर्बीण सावकाश स्वतःभोवती फिरवा. क्रॉसहेअर ठिपक्याभोवती वर्तुळ काढत असेल तर टरेटने निम्मी चूक काढायची, पुन्हा फिरवायचं. जागेवर स्थिर राहीपर्यंत.

बेसचे स्क्रू बहुतेक अमेरिकन रायफलींवर ६-४८ आट्यांचे (६ नंबरची जाडी, इंचाला ४८ आटे) असतात. आटे आणि भोकं ॲसिटोनने तेलमुक्त करा, स्क्रू सुटू न देणाऱ्या निळ्या थ्रेडलॉकरचा एक थेंब, आणि आवळण्याचा जोर साधारण २० इंच-पौंड, म्हणजे २.३ न्यूटन-मीटर. ड्रायव्हरचं पातं समांतर घासलेलं हवं. पाचरीसारखं निमुळतं पातं जुन्या स्क्रूची खाच हमखास फाडतं. पुढच्या बेसचा स्क्रू लांब निघाला तर तो आत उतरून बॅरलच्या आट्यांना टेकतो किंवा बोल्टच्या लगला (बोल्ट अडकवणाऱ्या दाताला) घासतो. वरून घट्ट वाटतो, बेस मात्र सैलच असतो. प्रत्येक स्क्रूनंतर बोल्ट पुढे-मागे करून बघण्याची सवय इथे कामी येते. मॅगझिन आणि चेंबर रिकामं आहे हे त्याच्याही आधी.

मूळ लष्करी माउझर ९८ वर दोन अडचणी जास्तीच्या. मागच्या पुलावरचा (बोल्टवरून जाणाऱ्या मागच्या कमानीवरचा) उंचवटा कुणी हाताने घासला असेल तर पुढचा आणि मागचा बेस एका पातळीत येत नाहीत, तेव्हा दोन्हींवर पोलादी पट्टी आडवी ठेवून फट बघा. शिवाय मूळ सेफ्टी उभी होताना नळीला आपटते आणि सरळ बोल्ट-हँडल आयपीसला. दोन्ही बदलल्याशिवाय खाली बसणारी दुर्बीण विसरा.

पुढची रिंग हा जेआरचा सगळ्यात भक्कम भाग आणि सगळ्यात मोठा सापळाही. रिंगचा डव्हटेल (टोकाकडे रुंद होणारा) पाय बेसच्या खाचेत आडवा घालून ९० अंश फिरवायचा असतो. पुष्कळ लोक दुर्बीणच तरफ म्हणून वापरतात आणि नळी तिथेच वाकते. एक इंच जाडीचा लाकडी दांडा किंवा धातूची सळई रिंगमध्ये आवळा आणि तिने फिरवा. पायाला ग्रीसचा पुसट हात द्या, चार-सहा वेळा पुढे-मागे फिरवा, म्हणजे खाचेत बसतो. हे वारंवार करत राहिलात तर मात्र पाय झिजतो.

ग्रीसचा उपयोग पुढेही आहे. मागचे स्क्रू फिरवले की दुर्बिणीचं मागचं टोक बाजूला सरकतं आणि पुढची रिंग डव्हटेलमध्ये किंचित वळायला हवी. ती जाम असेल तर वळत नाही, त्याऐवजी नळी वाकते. म्हणून आडवी दुरुस्ती मोठी असेल तर दुर्बीण काढून सळई लावा, आधी पुढची रिंग वळवा आणि मगच दुर्बीण परत बसवा. माउंटसोबत येणाऱ्या कागदांत हे क्वचितच ठळक असतं.

रिंगचे वरचे स्क्रू आळीपाळीने, १५ इंच-पौंडांपर्यंत. त्याआधी डोळ्यापासूनचं अंतर ठरवा: गाल नेहमीच्या जागी टेकला असता पूर्ण दृश्य दिसावं, साधारण आठ-नऊ सेंटीमीटर. मोठ्या काडतुसाच्या रायफलीवर थोडं पुढेच ठेवा, भुवईला आभार मानू द्या. क्रॉसहेअर सरळ आहे का हे टरेटच्या टोपीवर स्पिरिट लेव्हल ठेवून नव्हे, तर रायफल लेव्हल करून दूर टांगलेल्या ओळंब्यावरून ठरवा.

मग बोल्ट काढून रायफल पिशव्यांवर स्थिर ठेवा, बॅरलमधून २५ मीटरवरचा ठिपका मध्यावर घ्या आणि रायफल न हलवता क्रॉसहेअर तिथे आणा. आडवं काम मागच्या स्क्रूंनी. गोळी उजवीकडे न्यायची तर उजवा स्क्रू सैल करा, डावा आवळा, म्हणजे दुर्बिणीचं मागचं टोक उजवीकडे जातं. आधी सैल, मग आवळणं. दोन्ही एकदम आवळत राहिलात तर रिंग जागेवरच राहील आणि स्क्रूची खाच जाईल.

उभ्या दुरुस्तीला या माउंटमध्ये काहीच सोय नाही, हा त्याचा खरा उणेपणा. उपाय म्हणजे बेसखाली पातळ पितळी पत्री. बेसमधलं अंतर १२५ मिमी असेल तर ०.१ मिमीची पत्री १०० मीटरवर ८० मिमी फरक पाडते. गोळी खाली लागत असेल तर पत्री मागच्या बेसखाली, वर लागत असेल तर पुढच्या. नळी आणि रिंग यांच्यामध्ये पत्री घालणं हा घोर अपराध आहे.

मैदानात टरेटने दुरुस्ती करताना जुनी स्प्रिंग लगेच हलत नाही. हव्या खुणेच्या थोडं पुढे जाऊन परत या, टरेटवर ड्रायव्हरच्या प्लॅस्टिकच्या मुठीने दोन टिचक्या मारा आणि पुढच्या दोन गोळ्या हिशेबात धरू नका. नळीवर रिंगच्या कडेला पेन्सिलची बारीक रेघ ओढून ठेवा. वीस गोळ्यांनंतर रेघ आणि कड यांच्यात फट पडली तर दुर्बीण धक्क्याने सरकते आहे, आणि दोष टरेटचा नाही.

तुलना वीव्हरच्याच ॲल्युमिनियम बेस आणि पट्टीच्या रिंगशी करायला हवी. त्या हलक्या आहेत, उतरवून पुन्हा बसवायला सोप्या आहेत आणि पुढच्या रिंगची भानगड नाही. पण पट्टी एका बाजूने आवळली जाते, त्यामुळे शेवटच्या फेऱ्यात दुर्बीण स्वतःभोवती वळते आणि क्रॉसहेअर तिरकं होतं. तेवढा तिरकेपणा आधीच उलट दिशेला द्यावा लागतो. आडवी दुरुस्ती तर अजिबात नाही. नंतरच्या, मध्यावर राहणाऱ्या के४ साठी वीव्हर बेस पुरेसा आहे आणि तोच घ्यावा. क्रॉसहेअर सरकणाऱ्या जुन्या के४ साठी मात्र जेआरच. फक्त रिंगा मूळ जोडीतल्याच घ्या, डव्हटेलच्या खाचेच्या कडा गोल झालेल्या नाहीत ना ते नखाने चाचपा, आणि मागच्या स्क्रूंच्या खाचा फाटलेल्या असतील तर तो बेस विकत घेऊ नका.