कार्डून की केळफूल?

दोन्ही भाज्यांचा स्वभाव एकच: तुरट-कडू, आणि चिरल्या चिरल्या काळ्या पडणाऱ्या. केळफूल कराडच्या मंडईत मिळून जातं. कार्डून मात्र बी आणून परसातच लावावं लागतं. पावसाळा सरल्यावर मी वाईच्या घरी लावलं.

कार्डून हे आर्टिचोकचं, म्हणजे फुलाची कळी खातात त्या परदेशी भाजीचं भावंड, मूळ भूमध्य समुद्राकाठचं. खायचे ते पानांचे जाड देठ. तोडणीआधी तीनेक आठवडे रोप कागदात गुंडाळलं की देठ पांढुरके, कोवळे होतात, कडूपणा उतरतो. मग घेवड्यासारख्या शिरा ओढायच्या. त्या इतक्या चिवट की नखाने जमत नाही, सुरीच हवी. तुकडे लगेच लिंबाच्या पाण्यात टाकायचे आणि मीठ घालून अर्धा तास तरी उकडायचे. इटलीत पिएमाँत भागात ते लसूण, अँकोव्ही मासे आणि ऑलिव्ह तेलाच्या गरम कालवणात बुडवून खातात. मी लसणाच्या फोडणीवर परतून शेंगदाण्याचं कूट घातलं. मागे रेंगाळणारी बारीक कडवट चव ज्वारीच्या भाकरीबरोबर फार छान लागते.

केळफूल शिजवायला सोपं, निवडायला किचकट. हाताला तेल लावून प्रत्येक फुलातली कडक काडी आणि पापुद्रा काढायचा, चिरून रात्रभर ताकाच्या पाण्यात ठेवायचं. सकाळी भिजवलेली हरभऱ्याची डाळ, कांदा-लसूण मसाला, झालं.

रोजच्या जेवणाला मी केळफूलच घेईन. पण परस असेल तर कार्डून लावाच, आणि एखादं रोप न तोडता राखा: त्याला जांभळी फुलं येतात. पोर्तुगालात त्याच फुलांनी मेंढीचं दूध साकळवून चीज करतात.