जुन्या स्पीकरची कड: सांधावी की बदलावी?
बडोद्याच्या दांडिया बाजारातील जुन्या घरांत जपलेला स्पीकर दुरुस्त करताना त्याची कड, म्हणजे आवाज निर्माण करणाऱ्या शंकूला चौकटीशी जोडणारे लवचीक वलय, कशाची आहे, हे आधी पाहावे. कापडी कडेला एखादीच चीर गेली असेल, तर सुकल्यावरही लवचीक राहणारा गोंद मागून टिश्यू कागदाच्या पट्टीसह पातळ लावणे मला अधिक पसंत आहे, कारण मूळ शंकू जागचा हलत नाही. थर जाड झाला, तर मात्र कड ताठरते, अनुनाद (शंकू ज्या कंपनसंख्येला सहज थरथरतो ती) वर सरकतो आणि खर्ज दबतो. फोमची गोष्ट वेगळी. हा फोम ज्याचा असतो ते पॉलियुरेथेन दमट हवेत आतूनच विघटित होते, बोट लावताच चिकट भुगा हाती येतो, आणि अशा कडेवर गोंद फासणे व्यर्थ आहे. तेथे नवीच कड बसवावी आणि गोंद सुकेपर्यंत व्हॉइस कॉइल, म्हणजे शंकू हलवणारी तारेची गुंडाळी, मध्यभागी राहील, याची काळजी घ्यावी.