डेक्कन क्वीन: रोजच्या नोकरीसाठी कितपत सोयीची?
कंपनीने पुण्यातील कार्यालय बंद करून आम्हाला मुंबईत फोर्टला हलवले, तेव्हापासून गेले आठ महिने मी डेक्कन क्वीनचा पासधारक आहे. १९३० पासून धावणारी ही गाडी सकाळी ७.१५ ला पुणे सोडते आणि १९२ किलोमीटर कापून साडेदहाच्या सुमारास सीएसएमटीला पोहोचते. डायनिंग कारमधील चीज टोस्ट खात पावसाळ्यातला बोरघाट पाहण्याचे सुख मी नाकारणार नाही. आठवड्यातून तीन दिवसांसाठी ही गाडी उत्तम आहे, पाच दिवसांसाठी मात्र मी ती कोणालाही सुचवणार नाही, कारण जाऊन-येऊन सुमारे साडेसहा तास तिच्यातच जातात आणि परतीची ५.१० ची गाडी चुकली की घरी पोहोचेपर्यंत मुलगी झोपलेली असते. म्हणून साहेबांकडे पगारवाढीऐवजी वेळ मागितला: दोन दिवस घरून काम, चारनंतर बैठक नाही, आणि पासाचा खर्च. तक्रारीचा सूर न लावता महिन्याभराच्या प्रवासाचे तास मांडलेला कागद त्यांच्यासमोर ठेवला, त्याचाच अधिक उपयोग झाला असे मला वाटते. पहिल्या दोन गोष्टी लेखी मिळाल्या. पासाचे पैसे अजून माझ्याच खिशातून जातात.