तंबू, कॅराव्हॅन आणि दोन क्लब : वर्गणी कुणाला द्यावी?

इंग्लंडात राहणाऱ्या ओळखीच्या मंडळींना कॅम्पिंगची गोडी लागली की पुढचा प्रश्न ठरलेला : क्लब कुठला घेऊ? आम्ही गेल्या वसंतापासून दोन्ही मोठ्या क्लबांचे सभासद आहोत आणि आता दोन्हीकडून नूतनीकरणाची पत्रं आलीयत. दोन्ही ठेवायचे नाहीत हे घरात ठरलंय. तेव्हा जो हिशेब आम्ही जेवणाच्या टेबलावर मांडला, तोच इथे मांडते. आमचं चौघांचं कुटुंब, मुलं शाळकरी, एक जुना मोठा तंबू, एक सेकंडहँड चार माणसांची कॅराव्हॅन (कारमागे जोडून ओढायचं चाकांवरचं घर), आणि उन्हाळ्यात साताऱ्याहून येणारे सासू-सासरे. तुमचं गणित वेगळं असेल तर उत्तरही वेगळं येईल.

नावांमुळे नवा माणूस हमखास गोंधळतो. कॅम्पिंग अँड कॅराव्हॅनिंग क्लब हा १९०१ सालचा, मुख्यालय कोव्हेंट्रीत. कॅराव्हॅन अँड मोटरहोम क्लब १९०७ चा, मुख्यालय ईस्ट ग्रिन्स्टेडला. २०१७ पर्यंत त्याचं नाव नुसतंच कॅराव्हॅन क्लब होतं. आमच्या घरात ते ‘कोव्हेंट्रीवाले’ आणि ‘ग्रिन्स्टेडवाले’ म्हणूनच ओळखले जातात.

दोघांची कुळं आजही दिसतात. टॉमस हायरम होल्डिंग हा लंडनचा शिंपी, सायकलवर हलका तंबू बांधून भटकणारा. त्याच्या पुढाकारानं सायकलवाल्या कॅम्परांची जी संघटना निघाली, ती म्हणजे आजचे कोव्हेंट्रीवाले. दुसऱ्या बाजूला गॉर्डन स्टेबल्स हा आरमारातला निवृत्त डॉक्टर. त्यानं १८८५ मध्ये ब्रिस्टलहून ‘वाँडरर’ नावाची घोड्यांनी ओढायची ऐसपैस गाडी बनवून घेतली आणि स्कॉटलंडपर्यंत नेली. असे हौशी गाडीवाले पुढे एकत्र आले ते ग्रिन्स्टेडवाले. शिंप्याच्या क्लबात तंबूला आजही मान आहे. डॉक्टरच्या क्लबात बऱ्याच साइटवर तंबू चालतच नाही. काही ठिकाणी आता घेतात, पण ते आधी बघून घ्यावं लागतं. तुमच्याकडे फक्त तंबू असेल तर पुढचं वाचलं नाही तरी चालेल, कोव्हेंट्रीवाल्यांकडे जा.

आता मोठ्या साइट्स, म्हणजे क्लब स्वतः चालवतात ते मुक्कामाचे तळ. कोव्हेंट्रीवाल्यांच्या शंभरच्या आसपास, ग्रिन्स्टेडवाल्यांच्या त्याच्या जवळजवळ दुप्पट. आणि खरं सांगायचं तर नीटनेटकेपणात ग्रिन्स्टेडवाले सरस. खडी टाकलेले सपाट पिच (गाडी लावायच्या जागा), क्रमांकाच्या खुंट्या, लख्ख न्हाणीघरं, साइट सांभाळणारे टोपीवाले वॉर्डन. चॅट्सवर्थची साइट हवेलीच्या इस्टेटीतल्या जुन्या भिंतीच्या बागेत आहे. कुंपणाच्या फाटकातून थेट पार्कात चालत जाता येतं. यॉर्कची राउनट्री पार्क साइट ऊझ नदीकाठी, शहराच्या तटबंदीपर्यंत पायी. लंडनला ॲबी वूड : झाडीत गाडी लावायची, चालत स्टेशन गाठायचं, एलिझाबेथ लाइन पकडली की अर्ध्या तासाच्या आत लंडनच्या मध्यात, टॉटनम कोर्ट रोडला. सासूबाईंना लंडन दाखवायला हॉटेलपेक्षा हे कितीतरी स्वस्त पडलं, शिवाय संध्याकाळी घरचा वरणभात.

कोव्हेंट्रीवाल्यांच्या साइट्सची मौज जागेत असते. लेक डिस्ट्रिक्टमधल्या केझिकला डर्वेंटवॉटर तळ्याच्या अगदी काठावर मुक्काम, गावही पायी अंतरावर. सुट्टीच्या दिवसांत जागा हवी तर महिनोन् महिने आधी बुक करावी लागते आणि जोराच्या पावसात तळं कधीकधी साइटवर चढतं. हेफील्डला किंडर स्काउटच्या पायथ्याशी तंबू आणि मोटरहोम (स्वतःच्या इंजिनवर चालणारी घरगाडी) चालतात, कॅराव्हॅन नाही. जमीनदारांनी बंद केलेल्या त्या डोंगरावर २४ एप्रिल १९३२ ला शेकडो कामगार पोरं हक्कानं चढून गेली, ती जमली होती शेजारच्याच बोडन ब्रिजच्या खाणीत. आपल्याकडच्या मिठाच्या सत्याग्रहानंतर दोनच वर्षांनी. मुलांना मी हे सांगितलं तर त्यांना त्या खाणीत आता कार पार्क आहे याचंच जास्त नवल.

पण गंमत अशी की यातल्या बहुतेक मोठ्या साइट्स बिनसभासदांनाही मिळतात. रात्रीमागे जादा पैसे मोजायचे, एवढंच. पाच-सहा रात्री झाल्या की ती जादा रक्कम वर्गणीच्या घरात जाते. त्यामुळे वर्षातून एकदा लाँग वीकेंडला जाणाऱ्यांनी क्लबच्या भानगडीत पडूच नये. शिवाय मोठ्या साइटचं भाडं सुट्टीच्या मोसमात हलकं नसतंच. पिच, वर माणशी आकार, असं करत चौघांची एक रात्र बजेट हॉटेलच्या जवळ जाते. नवरा म्हणतो, “एवढ्या पैशात अंथरूण कुणीतरी घालून दिलं असतं.” त्याचं म्हणणं अगदीच चूक नाही.

वर्गणी वसूल होते ती दुसरीकडेच : पाच गाड्यांच्या छोट्या जागांवर. इथे १९६०चा कॅराव्हॅन साइट्सचा कायदा आहे. एरवी शेतात कॅराव्हॅन लावू द्यायच्या तर शेतकऱ्याला परवानगी आणि परवाना लागतो. पण सूट मिळालेल्या क्लबांनी आपल्या दाखल्यानं मंजूर केलेल्या जागेवर पाचपर्यंत गाड्या परवान्याशिवाय चालतात. अट ही की मुक्कामी फक्त सभासदच हवेत. म्हणूनच शेतकऱ्याच्या घरामागचं एखादं हिरवं रान, पबच्या मागचा माळ, सफरचंदाची बाग, अशा जागा या जाळ्यात आल्यात. ग्रिन्स्टेडवाले त्यांना सीएल (सर्टिफिकेटेड लोकेशन) म्हणतात आणि त्यांच्याकडे त्या दोन हजारांच्या आसपास आहेत. कोव्हेंट्रीवाल्यांच्या त्या सीएस (सर्टिफिकेटेड साइट), हजाराहून अधिक. भाडं मोठ्या साइटच्या निम्म्यावर, कधी त्याहून कमी. सोय मात्र जशी जागा तशी : कुठे वीज आणि गरम शॉवर, कुठे पाण्याचा एक नळ आणि संडासाची कॅसेट, म्हणजे मैल्याची टाकी, रिकामी करायचं एक झाकण.

श्रॉपशरमध्ये अशाच एका मेंढपाळाच्या शेतावर सासरे पहिल्याच संध्याकाळी मालकाबरोबर बांधावर उभे राहिले ते अंधार पडेपर्यंत. सासऱ्यांचं इंग्रजी कामापुरतं, मालकाचा उच्चार मलाही कळेना, पण लोकरीला भाव नाही आणि पाऊस वेळेवर येत नाही यावर दोघांचं एकमत झालेलं दिसलं. सकाळी दारात अंडी ठेवलेली. मोठ्या साइटवर वॉर्डन कितीही सौजन्याचा असला तरी हे होत नाही.

वयस्कांसाठी मात्र आधी विचारून घ्या. सासूबाईंचे गुडघे दुखतात, रात्री उठून कॅराव्हॅनच्या चिमुकल्या संडासात वळणं त्यांना जमत नाही. न्हाणीघर नसलेल्या शेतावर त्यांना एक रात्र काढावी लागली तेव्हा त्यांनी मला काही ऐकवलं नाही, पण दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेतला नाही. पुढच्या बुकिंगपासून ‘टॉयलेट आहे’ हा चौकोन आम्ही आधी टिचकावतो.

आमचा निर्णय कशावर फिरला तेही याच छोट्या जागांवर. ग्रिन्स्टेडवाल्यांच्या सीएल बहुतेक ठिकाणी गाड्यांपुरत्या. कोव्हेंट्रीवाल्यांच्या सीएसवर पाच गाड्या आणि वर, जागा असेल तर, दहा तंबूही चालतात. आमच्याबरोबर येणारी दोन मित्रकुटुंबं तंबूवाली. कॅराव्हॅन आमची, तंबू त्यांचे, पोरं सगळ्यांची, आणि सगळे एकाच रानात, हे एका क्लबात सहज जमतं, दुसऱ्यात शोधावं लागतं. एक गोम आहे : सीएसवर प्रत्येक कुटुंब सभासद हवं. तुमच्या कार्डावर मित्राचा तंबू चालत नाही. आमच्या मित्रांनी शेवटी वर्गणी भरली, थोडी कुरकुर करत.

कोव्हेंट्रीवाल्यांची आणखी एक गोष्ट जाहिरातीत फारशी दिसत नाही, ती म्हणजे त्यांचे ‘मीट’. प्रत्येक भागातले स्वयंसेवक शाळेचं मैदान किंवा एखादं शेत काही दिवसांसाठी घेतात. पाण्याचा नळ, कॅसेट रिकामी करायची जागा, बाकी सगळं आपलं आपण. भाडं अगदी किरकोळ. समुद्रकिनारी ऑगस्टात एरवी परवडणार नाही अशा ठिकाणी आम्ही याच मार्गानं राहिलो. येणारे बहुतेक निवृत्तीच्या वयातले, त्यामुळे पहिल्या संध्याकाळी आमची पोरं म्हणजे मैदानावरचा कार्यक्रमच झाली. रविवारी सकाळी सगळे आपापला कप घेऊन जमतात. आम्ही कांदेपोहे नेले, तर एका आजोबांनी कृती लिहून घेतली आणि मोहरी कुठल्या दुकानात मिळेल तेही विचारलं. ज्यांना सुट्टीत कुणाशी बोलायचं नसतं त्यांना हे सोसणार नाही. ग्रिन्स्टेडवाल्यांच्याही रॅली असतात, पण त्या आम्ही केल्या नाहीत, म्हणून त्यावर बोलत नाही. कोव्हेंट्रीवाल्यांकडे नौकावाले, छायाचित्रकार, लोकनृत्यवाले असे खास गटही आहेत. लोकनृत्यवाल्यांकडे मी अजून फक्त लांबून पाहिलंय.

स्वयंपाकाचं सांगायलाच हवं, कारण कुठलंच माहितीपत्रक ते सांगत नाही. साइटवरची वीज बहुधा १६ अँपिअरची, छोट्या शेतांवर १० किंवा त्याहून कमी. दहा अँपिअर म्हणजे जेमतेम २,३०० वॉट. घरची तीन किलोवॉटची किटली लावली की खटका पडतो, आणि शेतावर तो वर करायला मालकाला उठवावं लागतं. कमी वॉटची किटली घ्या, इंडक्शन आणि हीटर एका वेळी चालवू नका. कुकरसाठी गॅसच बरा. शिट्टीचा मात्र विचार करा : सकाळी सातला, जिथे पलीकडच्या गाडीतला चमचाही ऐकू येतो, तिथे तीन शिट्ट्या म्हणजे जाहीर सभा. आम्ही डाळ रात्री भिजवून पातेल्यात शिजवतो. फोडणी अवनिंगमध्ये (कॅराव्हॅनला जोडायच्या कापडी ओसरीत) किंवा बाहेर. हिंगाचा वास कॅराव्हॅनच्या पडद्यांत पुढच्या मोसमापर्यंत राहतो.

कॅराव्हॅन ओढण्याबद्दल थोडक्यात. भारतीय लायसन्सवर इथे आल्यापासून बाराच महिने गाडी चालवता येते, पुढे इथली परीक्षा द्यावीच लागते. डिसेंबर २०२१ पासून मात्र साध्या कारच्या लायसन्सवर साडेतीन हजार किलोपर्यंतचा ट्रेलर ओढायला वेगळी परीक्षा लागत नाही. कायदा परवानगी देतो, हातोटी देत नाही. दोन्ही क्लब गाडी ओढण्याचे आणि उलटी घेण्याचे वर्ग चालवतात, फी वेगळी. नवऱ्यानं एक केला आणि आमचं लग्न टिकलं, असं तो सांगतो. भरलेल्या कॅराव्हॅनचं वजन कारच्या वजनाच्या ८५ टक्क्यांच्या आत ठेवावं हा सल्ला दोन्हीकडे मिळतो, नवशिक्यानं तो पाळावाच. मोटरवेवर वेगमर्यादा ताशी ६० मैल. तीन लेनच्या रस्त्यावर सगळ्यात उजवी लेन तुमची नाही. लेक डिस्ट्रिक्टला पोचायचा गूगलचा अंदाज निमूट दीडपट धरायचा.

तक्रारी? आहेत. एका साइटवर, नाव नको आणि क्लबही नको, खुंटीपासून गाडी हातभर सरकली म्हणून आम्हाला भर पावसात सगळं सोडून पुन्हा लावायला लावलं. गाड्यांमध्ये आगीच्या भीतीनं सहा मीटर अंतर ठेवतात हे मान्य, पण आमच्या त्या बाजूला नुसतं कुंपण होतं. दुसरीकडे आम्हाला “तुम्ही बरोबर साइटवर आलात ना?” असं दोनदा विचारलं गेलं, आमच्या मागून आलेल्या गोऱ्या जोडप्याला एकदाही नाही. बहुतेक ठिकाणी लोक मोकळे, मदतीला धावणारे. तरीही त्या दुसऱ्या विचारण्याची नोंद मी ठेवली आहे, कारण आपल्यातले नवे लोक मला हेच आधी विचारतात.

क्लबच नको असेल तर? पिचअपसारख्या बुकिंगच्या वेबसाइटवर वर्गणीशिवाय भरपूर शेतं मिळतात, आणि २०२३ पासून इंग्लंडात शेतकऱ्यांना वर्षातले ६० दिवस तंबूंसाठी रान उघडता येतं, त्यामुळे उन्हाळ्यात पर्याय वाढलेत. स्कॉटलंडात २००३च्या कायद्यानं मोकळ्या माळावर तंबू ठोकता येतो, पण तो हक्क चालणाऱ्याचा, गाडीचा नाही. युरोपात मोसमाबाहेर जायचं असेल तर एसीएसआय या कॅम्पिंग कंपनीचं सवलत कार्ड दोन्ही क्लबांपेक्षा कामाचं.

तर आम्ही कोव्हेंट्रीवाले ठेवतोय. मुलं मोठी होऊन आमच्याबरोबर यायची बंद झाली, तंबूवाले मित्र पांगले, की बहुधा ग्रिन्स्टेडवाल्यांकडे जाऊ. दोघांनीच, कॅराव्हॅन घेऊन, गरम न्हाणीघराच्या आशेनं फिरायचं तर त्यांच्यासारखी सोय नाही. सासूबाईंचं मत विचाराल तर त्या आजच तिकडे गेल्या असत्या.

नव्यानं घेणाऱ्यांनी वर्गणी मोसमाच्या तोंडाशी, मार्च-एप्रिलात भरावी. वर्ष तुमच्या तारखेपासून मोजतात, त्यामुळे ऑक्टोबरात भरली तर पहिले काही महिने गाडी ताडपत्रीखालीच जातात. आणि डायरेक्ट डेबिटवर (बँकेतून वर्गणी आपोआप कापली जाण्यावर) सवलत मिळाली असेल तर क्लब सोडताना बँकेत तो बंद करण्याआधी क्लबला कळवा. आमचं ते काम या शनिवारी आहे.