गुडघ्याचं ऑपरेशन : पूर्ण भूल घ्यावी की पाठीतलं इंजेक्शन?

आईचे दोन्ही गुडघे बदलले, दोन वर्षांच्या अंतराने. उजव्याला पूर्ण भूल, डाव्याला पाठीतलं इंजेक्शन, ज्याने कमरेखालचा भाग बधिर होतो पण माणूस शुद्धीत राहतो. तेव्हापासून पाचपाखाडीतल्या आमच्या बिल्डिंगमध्ये कुणाच्या गुडघ्याची तारीख ठरली की बेल आमचीच वाजते.

पहिला प्रश्न ठरलेला: "आवाज ऐकू येतात का गं?" येतात. करवत, हातोडी, सगळं. पण शिरेतून झोपेचं हलकं औषध मिळतं. आईला आठवतं ते एवढंच, की कुणीतरी एक पाय उचलतंय आणि तो आपला नाही. केवळ आवाजाच्या धास्तीने पूर्ण भूल मागू नका.

दुसरी भीती कंबरेची. "सिझेरियनला सुई टोचली, तेव्हापासून धरलीय" हे घरोघरी ऐकू येतं. टोचलेली जागा दोन-चार दिवस दुखते, कायमची कंबरदुखी त्या सुईमुळे लागत नाही. खरे त्रास वेगळे: बीपी उतरतं, लघवी अडते, क्वचित डोकं उठतं. हे दुखणं बसलं की वाढतं, आडवं झालं की थांबतं, आणि तरुणांत जास्त दिसतं.

पूर्ण भूल म्हणजे घशात नळी, मग घसा खवखवणं, मळमळ, गुंगी. आई शुद्धीवर येऊन दूधवाला आला का विचारत होती. तरी पूर्ण भुलीला उगाच बदनाम करू नये. खुब्याच्या हाडाच्या फ्रॅक्चरवर अमेरिका-कॅनडात १,६०० रुग्णांची चाचणी झाली, २०२१ साली निकाल आला. ६० दिवसांनी चालणं काय, जगणं काय, दोन्ही भुलींत फरक दिसला नाही.

मला विचाराल तर खरा फरक पहिल्या रात्री पडतो, आणि तो नर्व्ह ब्लॉकमुळे, म्हणजे पायाची नस बधिर करणाऱ्या वेगळ्या इंजेक्शनमुळे. तो दोन्ही भुलींबरोबर देता येतो, म्हणून आधी त्याचंच विचारा. सोनोग्राफीत बघत मांडीच्या आतल्या बाजूला औषध सोडतात. गुडघा बधिर होतो, मांडीची ताकद बरीचशी राहते, म्हणून वॉकर लवकर हातात येतो. जांघेतल्या ब्लॉकने मांडीच ढिली पडते, उभं राहताना पाय दगा देतो. एपिड्यूरलची, म्हणजे औषध सोडत राहण्यासाठी पाठीत ठेवलेली, बारीक नळी वेदना छान मारते, पण दोन्ही पाय जड होतात. दोन्ही गुडघे एकदम करायचे असतील तर तिचा विचार होतो.

चूक आमचीच झाली. डाव्या वेळी संध्याकाळी आई हसत चहा पीत होती, म्हणून नर्सने आणलेली गोळी आम्ही "आत्ता नको" म्हणत परत पाठवली. रात्री अडीचला ब्लॉक उतरला आणि पहाटेपर्यंत तिने माझा हात सोडला नाही. ब्लॉक साधारण १२ ते २४ तास टिकतो, गोळ्या तो उतरण्याआधीच सुरू व्हायला हव्यात.

तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंच्या हृदयात स्टेंट आहे, क्लोपिडोग्रेल ही रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे. पाठीतल्या इंजेक्शनासाठी ती साधारण पाच ते सात दिवस आधी थांबवावी लागते, पण स्वतःच्या मनाने मुळीच नाही. स्टेंट नवा असेल तर हार्टवाले डॉक्टर नाहीही म्हणतील, मग बहुधा ऑपरेशनच पुढे ढकलतात. त्यांना गोळ्यांची रिकामी पाकिटं पिशवीत टाकून भूलतज्ज्ञांकडे आधीच जायला सांगितलंय, ऑपरेशनच्या आदल्या रात्री नव्हे.