मुलाला या ताईंच्या पाळणाघरात ठेवून सहा महिने झाले, म्हणून लिहितेय

मुलगा 4 वर्षांचा, ऑटिस्टिक, अजून बोलत नाही. आधीच्या पाळणाघराने फोनवरच विचारलं, "शी-शू सांगतो का?" नाही म्हटल्याबरोबर त्यांची जागा भरली! या ताई घरीच मुलं सांभाळतात. त्यांनी विचारलं ते वेगळंच: चिडला की शांत कशाने होतो? कुठला आवाज सहन होत नाही?

पहिला आठवडा मी सोबत, रोज तासभरच. भिंतीवर त्याच्या उंचीला चित्रांची पट्टी लावलीय: बूट, खेळ, झोप, आई. एक झालं की तो स्वतः ते कार्ड काढून डब्यात टाकतो. खेळ आवरायच्या आधी ताई वाळूचं घड्याळ उलटं करतात, हात धरून ओढत नाहीत. मिक्सर लावायचा असेल तर आधी त्याच्या कानांवर हेडफोन. बाकीची मुलंही आता त्याला कार्ड दाखवूनच खेळायला बोलावतात. त्यांना कुणी शिकवलं नाही म्हणे.

तक्रारी आहेत. मदतनीस येणार नसली की रात्री दहाला मेसेज, मग माझी रजा गेलीच. रोजची वही दोन ओळींत उरकतात. झोपला किती, चिडला कशावर, हे मला खोदून विचारावं लागतं.

मंगळवारी न्यायला गेले, तर 'आई'चं कार्ड मुठीत धरून दारात उभा होता.