दमट हवेतली कॉम्प्रेशन स्लीव्ह: रेडिमेड घ्यावी की मापाची?

स्तनाच्या शस्त्रक्रियेत काखेतल्या लिम्फच्या गाठी काढल्या की हातातलं लिम्फचं, म्हणजे पेशींभोवती झिरपणारं पाणी परत जायची वाट अरुंद होते आणि हात सुजू शकतो. या पाण्याला हृदयासारखा पंप नाही. वाहिन्यांचं स्वतःचं आकुंचन, स्नायूंची हालचाल, खोल श्वास आणि बाहेरून मिळणारा दाब, यांच्या जोरावर ते वर सरकतं. बाहेरच्या दाबाचं काम स्लीव्ह, म्हणजे हातावर चढवायची घट्ट, लवचीक बाही करते. वस्तू चांगलीच आहे, पण कोकणच्या हवेत ती वापरायची तर विकत घेतानाच चार गोष्टी बघाव्या लागतात.

रत्नागिरी, चिपळूण, कुडाळकडच्या सर्जिकल दुकानांत सहसा मिळते ती गोल विणीची, बिनशिवणीची, स्मॉल-मीडियम-लार्ज मापातली. सूज थोडी आणि हात सारखा असेल तर ती पुरते. हाताला घड्या पडल्या असतील, मनगट बारीक आणि दंड जाड असेल तर सपाट विणीची, माप देऊन शिवलेलीच घ्यावी. ती जाड दिसते, महागही पडते. पण घडीत रुतत नाही आणि वरची कड वळत नाही. वळलेली कड हा या वस्तूचा सर्वांत वाईट दोष. दंडावर दोरी आवळल्यासारखं होतं आणि पाणी खालीच अडकतं.

खोक्यावरचा ‘क्लास’, म्हणजे दाबाचा वर्ग, वाचून फसू नये. दुसरा वर्ग ब्रिटिश मोजणीत 18 ते 24 मिमी पारा, तर जर्मन मोजणीत 23 ते 32. चिठ्ठीवर डॉक्टरांकडून किंवा फिजिओथेरपिस्टकडून आकडाच लिहून घ्यावा. ‘जास्त घट्ट म्हणजे जास्त गुण’ असं काउंटरवर कोणी सांगितलं तर ते मनावर न घेता पुढे जावं.

माप सकाळी उठल्या उठल्या घ्यायचं, तेव्हा सूज सर्वांत कमी असते. टेप कातडीवर टेकवायची, आवळायची नाही. मनगट, कोपराखालचा जाड भाग, कोपर, दंडाचा मध्य आणि काखेखाली, असे पाच घेर. शिवाय मनगटापासून काखेखाली दोन बोटांपर्यंतची लांबी. मनगट मीडियममध्ये आणि दंड लार्जमध्ये बसत असेल तर रेडिमेडचा नाद सोडावा. अंगठ्याने दहा सेकंद दाबल्यावर मोठा खळगा राहत असेल तर स्लीव्हची वेळच अजून आलेली नाही. आधी प्रशिक्षित हातांनी कमी ताणाच्या पट्ट्यांचं बँडेज बांधून सूज उतरवायची, मग स्लीव्ह. मेडिकलमधलं साधं क्रेप बँडेज त्या जागी चालत नाही; ते कुठे सैल, कुठे घट्ट बसतं. शस्त्रक्रियेचे टाके भरेपर्यंत आणि पाणी काढायला लावलेली नळी निघेपर्यंत यातलं काहीच नको.

आता दमटपणा. वरच्या कडेला सिलिकॉनचे ठिपके असलेली स्लीव्ह घसरत नाही, हे खरं. पण एप्रिल-मेच्या घामात त्या पट्टीखाली पुरळ येतं, खाजवून कातडी सोलवटते. किनाऱ्यावर साध्या कडेची बरी. हाताचा पंजा सुजत असेल तर जोडीला पंजाचा मोजा हवाच, नाहीतर सगळं पाणी पंज्यात उतरतं.

दोन नग घ्यावेत, हा खर्च टाळता येत नाही. रोज धुवायची: कोमट पाणी, सौम्य साबण, पिळायचं नाही, टॉवेलात गुंडाळून दाबायचं, सावलीत वाळवायचं. खरी अडचण जून ते सप्टेंबरची. पडवीतल्या वलणीवर दोन दिवस ओलीच राहते आणि ओली स्लीव्ह घातली की बुरशी ठरलेली. म्हणून काहीजण ती चुलीवरच्या ऊबेला टांगतात. त्या उष्णतेने लवचीक धागा मरतो. पंख्याखाली सपाट पसरावी. खोबरेल किंवा क्रीम रात्री, स्लीव्ह काढल्यावर. सकाळी तेलकट हातावर चढवली तर घसरते आणि लवकर सैलावते.

चढवताना भांडी घासायचे रबरी हातमोजे घालावेत. स्लीव्ह मनगटापर्यंत उलटी करून आधी खालचा भाग बसवायचा, मग तळव्याने थोडी थोडी वर सरकवायची. वरून ओढली तर दाब वरच साठतो आणि कोपरात चुण्या पडतात. पाच मिनिटांनी बोटं बघावीत: गार, निळसर किंवा मुंग्या आलेली असतील तर लगेच काढावी. दिवसाची स्लीव्ह रात्री घालून झोपू नये.

स्लीव्हच्या जोडीला व्यायाम हवाच. ती घालूनच मूठ उघडझाप, कोपर वाकवणं, खांदे फिरवणं, मध्ये पोटातून सावकाश श्वास. मालिश करायची तर शिकून घेतलेली, कातडी फक्त हलकी सरकवणारी. घरोघरी चालणारा गरम तेलाचा रगडा आणि वाळूच्या पुरचुंडीचा शेक दोन्ही बंद. उष्णतेने हातात आणखी पाणी उतरतं, आणि शस्त्रक्रियेनंतर दंडाची आतली बाजू अनेकदा बधिर असल्याने भाजल्याचं कळतही नाही.

विळीवर बांगडे साफ करताना, कोलंबी सोलताना, लावणीच्या चिखलात त्या हातात रबरी मोजा असावा. काटा टोचलाच तर साबणाने धुऊन जंतुनाशक लावावं. हात लाल, गरम झाला, थंडी-ताप आला तर स्लीव्ह काढून त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. अँटिबायोटिकला उशीर चालत नाही. अचानक दुखरी सूज आली तरी तेच, कारण शिरेत गुठळी असू शकते. ‘हत्तीपायासारखंच काहीतरी’ म्हणून घरी बसू नये. हत्तीपाय डासांतून येणाऱ्या जंतांमुळे होतो, ही सूज गाठी काढल्याने.

रोज वापरात साधारण सहा महिन्यांत स्लीव्हचा दाब उतरतो. पहिल्या आठवड्यात चढवायला घाम काढणारी स्लीव्ह मोज्यासारखी सर्रकन वर जायला लागली, की नव्याने माप घेऊन दुसरी आणायची.